थकलेली मिसळ

पुणे, रविवार

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

चार महिने ना पत्र, ना फोन, याबद्दल तू जे बोलशील ते मान्य आहे. तब्येत ठीक, पाऊस आला की गुडघा कुरकुरतो, एवढेच. आज लिहायला बसलो ते कबुली द्यायला, आणि ती तुझ्याखेरीज कोणाला कळायची नाही.

मंगळवारी माझ्या विद्यार्थिनीने ब्लॉट, म्हणजे पेशीतली प्रथिने पट्ट्यांसारखी दाखवणारी फिल्म, दाखवला. शिगेलाचा, म्हणजे हगवणीच्या जंतूचा, संसर्ग दिलेल्या हेला पेशींच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींच्या) लेनमध्ये ईआरके हे निरोप्या प्रथिन एकूण व्यवस्थित, पण फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट बसून जागे झालेल्या ईआरकेचा, बँड साफ गायब. मी चौघांदेखत म्हणालो, "लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर घालायला विसरलीस." (पेशी फोडायच्या त्या द्रावणात तो नसला, तर फॉस्फेटेज एन्झाइम फॉस्फेट काढून टाकतात.) ती म्हणाली, "घातला होता, सर." त्यावर मी, "मग जुना असेल!" बफर सगळ्या नमुन्यांना एकच होते, तर पीएमए हे ईआरकेला जागे करणारे रसायन दिलेल्या कंट्रोलच्या लेनमधला बँड कसा टिकला, हा साधा प्रश्नही मला पडला नाही.

शुक्रवारी तिने काही न बोलता दोन फिल्म माझ्या टेबलावर ठेवल्या. एक मूळ जीवाणूची, दुसरी ऑस्प-एफचे, म्हणजे शिगेला आपल्या पेशीत सोडतो त्या प्रथिनाचे, जनुक काढून टाकलेल्या जीवाणूची. दुसरीत बँड काळाकुट्ट, ठसठशीत.

आता हस. २००७ सालचा आपला जर्नल क्लब आठव. एकाच वर्षी दोन शोधनिबंध आले होते. एक ऑस्प-एफला फॉस्फेटेज म्हणत होता, दुसरा लायेज, म्हणजे फॉस्फेट कायमचे उखडणारे एन्झाइम. तू लायेजच्या बाजूने टेबल बडवत होतास आणि मी म्हणालो होतो, की जीवाणूला एवढे रसायनशास्त्र येत असते तर तो आपल्या सरांकडे पीएचडीला आला असता. मिसळीची पैज लागली. पुढे आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस आणि सेंट्रिफ्यूजचा रोटर मुद्दाम न पुसता ठेवत होतास, हे मी विसरलेलो नाही.

एम.एस्सी.च्या वर्गात मी दरवर्षी तुझीच बाजू शिकवतो. १८९७ साली पुणे ओस पाडणाऱ्या प्लेगच्या जंतूचे योप-जे हे प्रथिन ईआरकेच्या एक पायरी वरच्या किनेजवर (ईआरकेवर फॉस्फेट बसवणाऱ्या एन्झाइमवर), फॉस्फेट बसायच्या जागीच, ॲसिटिल गट चिकटवून ठेवते. शिगेलाची रीत निराळी. फॉस्फेटेज नुसता दिवा मालवतो, किनेज तो पुन्हा लावू शकतो. ऑस्प-एफ मात्र ईआरकेतल्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावरचे फॉस्फेट त्याच्या ऑक्सिजनसकट ओढून काढते, म्हणजे होल्डरच उखडते, आणि तिथे पुन्हा दिवा लागत नाही. मग केंद्रकापर्यंत निरोप पोहोचत नाही आणि न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना बोलावणारे इंटरल्यूकिन-८ पुरेसे तयार होत नाही. असल्या प्रथिनाला फॉस्फेटेजचा इनहिबिटर काय अडवणार? हे सगळे फळ्यावर लिहिणारा माणूस प्रयोगाच्या टेबलाशी उभा राहिला, की अजून फॉस्फेटेजवालाच, हे मला फार लागले.

त्याहून लागले ते दुसरेच. सरांनी तुझी जेल सर्वांसमोर बेसिनमध्ये टाकली तेव्हा तुझे नमुने बरोबर आहेत हे मला ठाऊक होते, आणि मी पिपेट धुत उभा राहिलो. तू त्याबद्दल कधी विचारले नाहीस. परवा त्या मुलीनेही काही विचारले नाही. उद्या त्याच चौघांसमोर तिची माफी मागायची आहे. वाक्य जुळवतो आहे, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "तरीपण" येते.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, चिन्मयचा निकाल कळव.

मिसळ इतकी वर्षे थकली आहे. पुण्याला आलास की वसूल कर, पण व्याज मागू नकोस. भाव २००७ चा राहिलेला नाही.

तुझा,
मोहन