सर, बुटात घातलेला घोंगडीचा तो तुकडा

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं, जेवला का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुमच्या सूनबाई ते तुम्हाला वाचून दाखवतील.

मागच्या मंगळवारी दुपारी आमच्या विमानतळावरच्या फायर स्टेशनची घंटी वाजली. नुकत्याच उतरलेल्या एका विमानाच्या डाव्या चाकांतून धूर येत होता. ब्रेक तापले होते. आम्ही गेलो, गाडी चाकांच्या समोरच्या अंगाला लावली, बाजूला कुणी फिरकलं नाही. ज्वाळा नव्हती, म्हणून पाणी मारलं नाही. होजमध्ये पाणी भरून, ब्रँच म्हणजे पाइपाची तोटी हातात धरून थांबलो. लोक उजवीकडच्या शिडीने उतरून बसमध्ये बसले. त्यानंतर बऱ्याच वेळाने एक टायर सावकाश खाली बसला, मग दुसरा. उतरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना काही झालं होतं हे कळलंही नसेल.

एवढंच. बातमी झाली नाही. पण स्टेशनवर येऊन बूट काढताना माझे हात थरथरायला लागले, कारण त्या तापलेल्या टायरकडे बघत उभा होतो तेव्हा कानात फक्त तुमचा आवाज होता. "चाकाला कधी कुशीवरून भिडू नको. फुटलं तर तुकडे आसाच्या रेषेत, बाजूला उडतात. समोरून जा नाही तर मागून. आणि धूर दिसला की पाण्याचा फवारा सोडू नको, लालबुंद धातू एकदम थंड झाला तर तडकतो. ब्रेकची आग नसेल तर त्याला त्याचं त्याचं निवू दे. विमान थांबलं म्हणजे धोका संपला असं नाही, ब्रेकमधली उष्णता चाकापर्यंत यायला वेळ लागतो." त्या चाकात मेणासारखे वितळणारे प्लग असतात आणि टायर फुटण्याआधी तेच हवा सोडून देतात, हे तुम्ही सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून दाखवलं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी फायरमनचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत वर्षभर होतो. नाव लिहीत नाही. बाबांनी सोसायटीचं कर्ज उचलून फी भरली होती. तिथे आम्हाला झेरॉक्स काढलेले प्रश्नसंच मिळाले. "रिस्पॉन्स टाइम, म्हणजे आगीपर्यंत पोचायचा वेळ किती? तीन मिनिटं. लिहा. पुढचा प्रश्न." कसली तीन मिनिटं, कुठून मोजायची, कुणी विचारलं तर "परीक्षेला येत नाही" हे उत्तर. वर्षभरात होजमध्ये पाणी भरलेलं मी पाहिलं नाही. माहितीपत्रकात छापायला म्हणून एकदा चंदेरी सूट अंगावर चढवला, फोटो काढला आणि सूट लगेच काढून घेतला. त्या फोटोत मी हसतोय. आजही कुणाच्या तरी घरी तो कागद जात असेल आणि कुणाचा तरी बाप त्यावर विश्वास ठेवून कर्ज काढत असेल, याचा मला फार राग येतो सर. आग विझवायचं शिक्षण खोटं देणं म्हणजे काय, हे त्या लोकांना खरंच कळत नसेल का?

तुम्ही नागपुरात आम्हा सहा पोरांना सकाळी साडेपाचला मैदानावर बोलवायचात आणि एक रुपया घेत नव्हता. विमान उतरताना दिसलं की धडा तिथेच सुरू व्हायचा. "हे ए 320. साडेसदतीस मीटर. लांबीवरून बंबांची कॅटेगरी ठरते, ही कॅटेगरी सहा. 7,900 लिटर पाणी, मिनिटाला 4,000 लिटर सोडता आलं पाहिजे. आता त्याच घरचं ए 321 येईल. साडेचव्वेचाळीस मीटर. कॅटेगरी सात, 12,100 लिटर." सात मीटरच्या लांबीला चार हजार लिटर जास्त कशाला, असं मी विचारलं. संस्थेत असतो तर हाकललं असतं. तुम्ही मैदानात फकीने विमान आखलं, त्याच्या भोवती सांडलेल्या इंधनाचं डबकं आखलं, आणि म्हणालात की हे पाणी विमान विझवायला नाही. पहिल्या मिनिटात एवढ्या जागेतली आग दाबायची, म्हणजे आतली माणसं चालत बाहेर येतील. विमान जळालं तर जळू दे.

आणि वारा. प्रश्नसंचात तो एका गुणाचा इंग्रजी शब्द होता. तुम्ही मला विचारलंत, "घरी उफणताना तोंड कुठं करतोस रे?" मी म्हटलं, वारा पाठीवर घेतो, नाही तर भूस डोळ्यात जातो. "मग तुला येतं की. काहून घाबरतो?" त्यानंतर 1985 सालचं मँचेस्टरचं विमान सांगितलंत. उड्डाण सोडून दिलं, धावपट्टीवरून बाहेर वळून थांबलं, बंब लगेच पोचले, तरी 55 माणसं गेली, कारण वाऱ्याने आग विमानाच्या अंगावरच ढकलली आणि बहुतेकांचा जीव धुराने घेतला. मी बारा वर्षं खळ्यावर सूप धरलंय सर. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की मला या क्षेत्रातलं काहीच येत नाही.

पण पत्र लिहायला बसलो ते बुटासाठी.

तुम्ही कुठून तरी मिळवलेले जुने फायर बूट होते, सगळे नऊ नंबरचे. माझा पाय सातचा. टर्नआउटच्या, म्हणजे घंटी झाली की तयार होऊन गाडी गाठायच्या सरावात तुम्ही शिट्टी मारायचात, आम्ही बुटात पाय घालून, पँट वर ओढून, कोट-हेल्मेट चढवून चाळीस पावलांवरच्या जीपला हात लावायचा. मी रोज पडायचो. एकदा तोंडावर पडलो, ओठ फुटला, पोरं हसली. मी त्या रात्री आईला फोन करून सांगितलं की हे आपलं काम नाही, मी परत येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही कापडी पिशवी घेऊन आलात. मला म्हणालात, "बूट काढ." मला वाटलं, आता घरी जा म्हणणार. तुम्ही तो दुखरा गुडघा लांब करून मातीत बसलात. पिशवीतून घोंगडी काढली, पांघरायची, घरातली. माझा पाय त्या घोंगडीवर ठेवायला लावलात आणि खडूने भोवती रेघ मारलीत. माझ्या बाबांपेक्षा मोठा माणूस माझ्या पायाशी बसलाय, पायताणाला हात लावतोय, हे बघून मी पाय मागे घेतला. तुम्ही वर न बघता म्हणालात, "दे बाप्पा पाय, वेळ जाते."

दोन दोन तुकडे कापलेत. बुटात कोपरापर्यंत हात घालून ते बसवलेत, सुरकुती राहिली तर पळताना फोड येतो म्हणून बोटांनी पुन्हा पुन्हा दाबलेत. मग पँट खाली दुमडून बुटांवर बसवलीत आणि बुटांची टोकं जीपच्या दिशेला वळवून ठेवलीत. तेव्हा म्हणालात ते मला शब्द न् शब्द आठवतं. "त्या तीन मिनिटांचं घड्याळ गाडी निघाल्यावर सुरू होत नाही, घंटीबरोबर सुरू होते. पहिल्या गाडीचा आग दाबायचा फेस निदान निम्म्या जोराने पडायला लागेस्तोवर चालते. त्यातली तुझ्या हातात असलेली ही एवढीच सेकंदं आहेत. कामावर लागला की मात्र मापाचा बूट मागून घ्यायचा, तिथं घोंगडी चालत नाही. मागायला लाजायचं नाही."

त्या दिवशी मी पडलो नाही. पोरांपैकी कुणी हसलं नाही. एकाने दुसऱ्या दिवशी स्वतःहून माझी पँट दुमडून ठेवली होती.

नोकरीवर आलो तेव्हा स्टोअरमधून आठ नंबरचा बूट मिळाला. मी परत केला आणि सात मागितला. नवीन माणूस पहिल्याच दिवशी मागणी करतो म्हणून एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. बूट मिळाला. मंगळवारी घंटी वाजली तेव्हा पाय बुटात कधी गेले ते मला कळलंच नाही.

अजून एक. 2013 सालचं सॅन फ्रान्सिस्कोचं विमान तुम्ही फक्त एकदाच सांगितलंत, आणि सांगताना टोपी काढून मांडीवर ठेवलीत. विमानाबाहेर पडलेली एक मुलगी फेसाखाली झाकली गेली आणि बंबाच्या चाकाखाली आली. "वाचवायला गेलेल्या गाडीखाली," एवढंच म्हणालात आणि बराच वेळ गप्प बसलात. आजही फेस पसरलेला दिसला, अगदी सरावातला, तरी मी गाडीपुढे चालत जाऊन जमीन बघतो. आमच्या ड्रायव्हरला आता सांगावं लागत नाही, तो थांबतो.

मला वाटतं सर, माणसाचा चांगुलपणा असाच असतो, खाली बसून कुणाच्या तरी मापाचं काही कापणारा. 7 ऑगस्ट 2020 ला कोळिकोडला पावसात विमान धावपट्टीच्या पुढे दरीत गेलं, आपल्या नागपूरचे कॅप्टन दीपक साठे गेले, एकूण 21 माणसं गेली. पण त्या रात्री करोनाची भीती बाजूला ठेवून आसपासच्या गावची माणसं धावली, जखमींना आपल्या गाड्यांत घालून दवाखान्यात नेलं, रक्त द्यायला रात्रीच रांगेत उभी राहिली. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. आम्हाला तर दिलंय, पगार मिळतो, गाडी मिळते. मग आमच्याकडून किती व्हायला हवं, हा विचार मला त्या लोकांमुळे सुचतो आणि तुमच्यामुळे टिकतो. 14 एप्रिलला सकाळी, 1944 साली मुंबईच्या गोदीत गेलेल्या 66 अग्निशमन जवानांसाठी तुम्ही आम्हाला मैदानात उभं करायचात आणि मग सगळ्यांना घेऊन दीक्षाभूमीला जायचात. यंदा मी इथे ड्युटीवर होतो. उभा राहिलो तेव्हा तोंड नागपूरच्या दिशेला केलं होतं.

मंगळवारचं मी आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या माणसानं आपली घोंगडी कापली ना तुझ्यासाठी?" परवा तिने गावच्या बाजारातून नवी घोंगडी आणलीय, काळी, जाड, किनार लाल. दिवाळीची रजा मंजूर झाली की घेऊन येतो. ती टेबलावर ठेवायची नाही, तुमच्या हातातच द्यायची, असं तिने बजावून सांगितलंय.

तुमचा,
सात नंबरवाला