बंड्या जेवत नाही म्हणालास, म्हणून

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

मावशी गेल्याचं तिच्या बोक्याला, बंड्याला कळलं असेल का, असं तू काल फोनवर विचारलंस. तेव्हा माझा गळा दाटून आला आणि उत्तर राहून गेलं. सावकाश लिहावं म्हणून आज बसले आहे.

माझी ताई आता नाही हे त्याला कळलं आहे, आणि ती कुठेतरी असायला हवी असंही त्याला वाटतं आहे. म्हणून तो तिच्या खोलीच्या दाराशी बसतो. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मांजराला आधी एका जागेवरून मालकाचा आवाज ऐकवला आणि लगेच तोच आवाज दुसऱ्याच ठिकाणाहून ऐकवला, तेव्हा मांजरं चक्रावली. म्हणजे आपलं माणूस दिसत नसलं तरी ते कुठे आहे याचा हिशेब त्यांच्या मनात चालू असतो. बंड्याचा तो हिशेब अजून ताईच्या खोलीपाशी अडला आहे. म्हणूनच तिचे फोनमधले आवाज त्याला ऐकवावेत, ही तुझी कल्पना प्रेमाची असली तरी मला ती नको वाटते. आवाज आला की तो शोधायला लागेल, आणि सापडणार तर कुणीच नाही.

त्या खोलीचं दार मात्र उघडं ठेव. त्याला आत जाऊ दे, पलंगाखाली बघू दे, हवं तितकं हुंगू दे. ताईची चादर, तिचा स्वेटर, खुर्चीवरची उशी यातलं काही आत्ता धुवायला टाकू नकोस. मांजराचं जग डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त चालतं. खुर्चीच्या पायाला, दाराच्या कडेला तो गाल घासतो ना, तेव्हा तो तिथे स्वतःचा वास ठेवत असतो. त्याचा आणि ताईचा वास एकमेकांत मिसळून ते घर त्याच्यासाठी घर झालेलं आहे. तिचा वास हळूहळू विरत जाईल आणि त्या वेगाने त्यालाही सवय होत जाईल. आपण एका दिवसात सगळं धुऊन-पुसून काढलं, तर माणूस गेलं आणि घरही गेलं असं होईल. फरशी पुसायला उग्र वासाचं फिनाईल तर अजिबात नको. त्यातली फिनॉलची रसायनं मांजरांना विषारी असतात, आणि पंजे चाटताना ती पोटात जातात.

आता खाण्याचं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच आहे, म्हणून हा भाग नीट वाच. "भूक लागली की खाईल आपोआप" असं तुला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मांजराच्या पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी वितळून यकृताकडे धावते, आणि मांजराच्या यकृताला एवढी चरबी पचवता येत नाही. ती तिथेच साचते आणि यकृत काम करेनासं होतं. अगदी थोड्या दिवसांच्या उपासानेही हे सुरू होऊ शकतं, आणि अंगाने भरलेल्या मांजरांना याचा धोका जास्त असतो. आपला बंड्या चांगलाच गुबगुबीत आहे. त्यामुळे पूर्ण 24 तास त्याने अन्नाला तोंडच लावलं नाही, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन कर. थोडंथोडं खात असेल पण नेहमीपेक्षा निम्मंच, आणि दोन-तीन दिवस तसंच चाललं असेल, तरीही दाखवून आण. हिरड्या, डोळ्यांतला पांढरा भाग किंवा कानाची आतली कातडी पिवळट दिसली तर त्याच दिवशी ने.

ताई देत होती तेच खाणं, त्याच वाडग्यात, त्याच जागी, तिच्याच वेळेला दे. या दिवसांत नवीन, महागडं काही आणून बदल करू नकोस. ओलं खाणं किंचित कोमट केलंस की त्याचा वास उठतो, आणि त्या वासानेच मांजराची भूक चाळवते. वाडगा ठेवून त्याच्या डोक्यावर उभा राहू नकोस. थोड्या अंतरावर खाली जमिनीवर बस. आपल्या ताटातलं काही देताना कांदा-लसूण नाही ना ते बघ. दोन्हींमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिचकारीने जबरदस्तीने भरवायला जाऊ नकोस. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, शिवाय त्या खाण्याचीच त्याला शिसारी बसू शकते. भूक वाढवणारी औषधं मिळतात, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांची कुठलीही गोळी नको. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

खातो की नाही हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून वजन कर. आधी त्याला घेऊन काट्यावर उभा राहा, मग तुझ्या एकट्याचं वजन कर, आणि फरक वहीत लिहून ठेव. दर दोन-तीन दिवसांनी पुरे.

त्याच्या शी-शूच्या लिटर बॉक्सवरही लक्ष ठेव. तो बोका आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिते. ताणामुळे मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, आणि बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असल्यामुळे ती तुंबू शकते. तो वारंवार बॉक्समध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण लघवी होत नाही किंवा थेंबथेंबच होतेय असं दिसलं तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नकोस. तिथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

भेटायला येणारी माणसं फुलं आणत असतील. त्यात लिली असेल तर ती घरात ठेवू नकोस, घराबाहेरच काढ. तिचे नुसते परागकण अंगावर पडले आणि बंड्याने ते चाटले, तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणणाऱ्याला हे ठाऊक नसतं, त्यामुळे कुणाला काही बोलू नकोस.

रात्री तो घरभर ओरडत फिरतो म्हणालास. त्याला रागावू नकोस, आणि दर हाकेला उठून खाऊही देऊ नकोस. नाहीतर ओरडलं की खाऊ मिळतो एवढंच तो शिकेल. झोपण्याआधी दोरीला काहीतरी बांधून त्याला थोडा वेळ पळव, मग जेवायला घाल. शिकार, मग खाणं, मग झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. सुरुवातीला तो नुसता बघत बसेल, पण तू रोज त्याच वेळेला दोरी हलवत राहा. आणि सगळंच दुःखाच्या नावावर टाकू नकोस. त्याचं वय झालंय. म्हाताऱ्या मांजरांचं रात्रीचं ओरडणं थायरॉइड, मूत्रपिंड किंवा वाढलेल्या रक्तदाबामुळेही असतं. डॉक्टरांकडे नेशील तेव्हा हे सगळं तपासायला सांग.

तो तुझ्याजवळ येत नाही याचं तुला वाईट वाटतंय, ते मला आवाजावरून कळलं. उचलून मांडीवर घ्यायचा मोह आवर. त्याच खोलीत पुस्तक घेऊन बस. त्याने तुझ्याकडे बघितलं तर डोळे अर्धवट मिटून हळूच उघड. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं होतं की माणसाने असे डोळे मिचकावले की मांजरंही तसेच डोळे बारीक करतात, आणि पुढे केलेल्या हाताजवळ यायला जास्त राजी होतात. ताई हे कुणी न सांगता करायची. तुला आठवत असेल.

सोबतीला दुसरं पिल्लू आणायचं आत्ता मनातही आणू नकोस. बंड्या ताईला शोधतोय. आधीच हादरलेल्या घरात परक्या मांजराचा वास त्याला आणखी एक संकट वाटेल.

राहता राहिला त्याला तुझ्या घरी न्यायचा प्रश्न. तो पोटभर खायला लागेपर्यंत, निदान काही आठवडे, तुला तिथे राहता आलं तर राहा. न्यायची वेळ येईल तेव्हा आधी त्याला एकच खोली दे. त्यात ताईची न धुतलेली चादर, त्याचा वाडगा, त्याचाच लिटर बॉक्स आणि लपायला एक खोकं ठेव. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने 2014 मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर अभ्यास केला होता, आणि लपायला खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली होती. तो खोक्यात बसून राहिला तर राहू दे, हात घालून ओढू नकोस. पुढचे काही आठवडे दारं-खिडक्या नीट लावून घे. मांजर जुन्या घराच्या वाटेला लागतं.

तुला नोकरी सांभाळून हे जमणार नसेल तर स्पष्ट सांग, मी घेईन त्याला. तो ताईचा आहे, बाहेर कुणाला द्यायचा नाही एवढंच माझं म्हणणं आहे. मी रविवारी येतेय. कपाटं त्या दिवशी आवरायची नाहीत, हे बाबांनाही सांगितलं आहे. तोपर्यंत रोज रात्री त्याने किती खाल्लं ते मला कळव. आणि तू काय जेवलास तेही त्याच मेसेजमध्ये लिही.

तुझी,
आई