मिस्त्रीकाका, वाडा राहिला तो तुमच्यामुळे

मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही चहाचा विषय काढता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा पडल्याची बातमी येते, आणि शेजारच्या वाड्यांचे मालक धसका घेऊन पाडकामाचं बघू लागतात. त्यांना तुमचं काम कळावं असं फार वाटतं.

निफाड तालुक्यातला आमचा वाडा पाडून आरसीसी लॉज बांधा, असं आम्हाला जवळपास प्रत्येकानं सांगितलं होतं. थंडीत नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला येणाऱ्यांची सोय करायची तर चकचकीत खोल्या आणि एसी हवेतच, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही आलात आणि देवडीपासून माजघरापर्यंत बोटांनी भिंती ठोकत गेलात. जिथे आवाज पोकळ आला तिथे कोळशानं फुली मारलीत. मग म्हणालात, "भिंत धडधाकट आहे. वरचं सिमेंट तेवढं काढा."

मागे कधीतरी झालेल्या दुरुस्तीतलं ते प्लास्टर निघालं तेव्हा खरा प्रकार दिसला. जोत्यातून चढणाऱ्या ओलीला बाहेर पडायला वाट नव्हती आणि आतल्या विटांना लोणा लागला होता. फुल्या मारलेल्या जागीच विटांचा भुगा हातात आला. बाकीची भिंत शाबूत होती. पाडायला सांगणाऱ्यांपैकी एकानंही तिला हात लावून पाहिलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

मग चुना. कळीचा चुना हौदात विरवून तुम्ही तो मुरू दिलात. त्यात विटांची सुरखी, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी. मळलेला गारा थापीवर घेऊन थापी उलटी धरायचात. गळून पडला की पुन्हा मळायला लावायचात. पक्ष्यांच्या हंगामाआधी खोल्या सुरू करायची आमची घाई होती, पण तुम्ही बधला नाहीत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, आणि तोवर त्यात ओल टिकावी लागते. म्हणून उन्हाच्या बाजूला गोणपाटं टांगून ती सकाळ-संध्याकाळ भिजवायला लावलीत. घाई केली असती तर सगळा गिलावा तडकला असता.

आता भिंतींचं काम दिसतं. निफाडची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, आणि मे महिन्यात पारा ४० अंशांपर्यंत जातो. जाड भिंत दिवसाचं ऊन धरून ठेवते, आत लगेच येऊ देत नाही. उन्हाळ्यात रात्री माडीच्या खिडक्या उघडल्या की गरम हवा चौकातून वर निघून जाते. एकाही खोलीत एसी लावावा लागला नाही. जुना पंखा ७५ वॅट खायचा, आताचा ३० वॅटच्या आसपास घेतो. विजेची गरजच कमी, त्यामुळे थोड्याच सोलर पॅनेलवर भागतं. ती पॅनेल वाड्यावर चढवायला तुम्ही साफ नकार दिलात, "तुळयांवर नवा भार नको" म्हणून गोठ्याच्या छपरावर दक्षिणेकडे तोंड करून बसवायला लावलीत. दारातून आत येणाऱ्याला वाडा वाड्यासारखाच दिसतो, तो त्यामुळे.

मावशींचेही आभार मानायचे आहेत. ओसरीवर फरशी घालायचा बेत त्यांनीच मोडला आणि जमीन चोपून, सारवून दिली. पाहुणे खुर्च्या सोडून तिथेच बसतात.

सागाच्या खांबांना तुम्ही खालून नवे तुकडे जोडलेत, ते सांधे शोधूनही सापडत नाहीत. त्या कामाबद्दल लिहायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. एवढंच सांगतो, की आजोबांनी ज्या खांबाला टेकून हिशेब लिहिले तो खांब माझ्या मुलीला बघायला मिळाला.

माडीची पश्चिमेकडची भिंत राहिली आहे. दिवाळीनंतर या. गावातली दोन मुलं हाताखाली काम शिकायचं म्हणताहेत, त्यांना सोबत घ्या. त्यांची मजुरी आम्ही देऊ. चुना आधीच विरवून ठेवतो.

आपली,
वाड्यावरची सगळी मंडळी