चिनूने बोट घेतली, आणि तिचा ट्रान्सम कुजलाय

बडोदा, मे महिना

प्रिय अव्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेच सुरू होतोस आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी आहे, शुगर आहे तिथेच आहे, मीनाच्या गुडघ्याचंही तेच. आता मुद्द्याचं. आमच्या चिनूने बोट घेतली.

हो, बोट! जुनी फायबरची, सोळा फुटी, भरूचच्या पुढे भाडभूतच्या एका तांडेलाकडून, म्हणजे नाखव्याकडून. चिनू आणि ऑफिसातला एक मित्र, निम्मे निम्मे. पावसाळ्यात हिलसा मासा नदीत चढायला लागला की तांडेलाचा भाचा चालवणार, यांना वाटा मिळणार, आणि रविवारी हे दोघं स्वतः जाणार असा बेत आहे. हे वेड लागलं २०२४ च्या ऑगस्टातल्या पुरात. विश्वामित्री घराघरात शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, सोसायट्यांमधून बोटी फिरत होत्या आणि हा पठ्ठ्या त्या बोटीतून दूध-पाणी वाटत हिंडत होता, तेव्हाच माझ्या मनात आलेलं की हा आता स्वस्थ बसणार नाही. मीनाचं वेगळं. त्याच वर्षी जानेवारीत हरणीच्या तळ्यात ते झालं ना, सहलीची मुलं, बोटीत माणसं जास्त, जॅकेटं सगळ्यांना नाहीत, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, तेव्हापासून घरात बोट हा शब्द काढायची सोय नाही. आणि आता मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आख्खी बोट पालथी पडलीय, आणि मीनाला वाटतंय की आम्ही पाण्याच्या टाक्या करतोय.

बोट वाईट नाही बरं का. तळ चांगला आहे, नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, एक-दोन ठिकाणी दगड लागून फुटलाय, ते मी एका सकाळी करून देईन. काळजी आहे ट्रान्समची. इंजिन लटकतं ती मागची फळी. मी प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघितलं, वरच्या कडेला खणखणीत वाजतं, खाली बोल्टांच्या आसपास आवाज बसका. मग आतल्या बाजूने, खालच्या अंगाला, बारीक ड्रिल मारलं तर भुसा काळा आणि ओला निघाला, बोटांत दाबला तर पाणी! बोट दोन महिने कोरड्यात ठेवलेली आणि आत पाणी. म्हणजे फळीच्या आतला प्लाय गेलेलाच आहे, वरून फायबरचं कातडं तेवढं छान दिसतंय. चाळीस-पन्नास किलोचं इंजिन, आणि नुसतं वजन नाही रे, पंखा पाणी ढकलतो त्याचा सगळा जोर त्या फळीवर.

आणि चिनू म्हणतो काय, बाबा दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमची प्लेट लावू, आरपार स्टीलचे बोल्ट मारू, अर्ध्या दिवसात काम. मोबाइलवर बघून आला. मी म्हटलं, आत कुजकं राहिलं तर प्लेट कशाला धरणार, बोल्ट आवळशील तसा प्लाय दबत जाणार, दर आठवड्याला नट सैल. शिवाय खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमला स्टील लागलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी पावडर धरते, तू तर तिकडे रोज बघत असशील. पण नाही. मी जुन्या वळणाचा, आणि तो व्हिडिओवाला बरोबर.

खरं काम काय आहे ते तुला सांगायला नको, तरी लिहितो, कारण हे पत्र समोर धरूनच तू त्याच्याशी बोलणार आहेस. इंजिन उतरवायचं. बाहेरचं कातडं तसंच ठेवायचं म्हणजे आकार जात नाही, आतल्या बाजूने कापून कुजका प्लाय छिन्नीने सगळा काढायचा, चांगलं लाकूड लागेपर्यंत. मग नीट वाळू द्यायचं, इथे घाई केली की सगळं फुकट. नवा प्लाय आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन, दोन-तीन थर रेझिन लावून एकमेकांवर क्लॅम्प करायचे, सगळं मिळून दीड इंच जाडी आली पाहिजे. कोपरे काटकोनात सोडायचे नाहीत, रेझिनच्या लापशीने गोल भरून घ्यायचे आणि त्यावर फायबरची मॅट, नाहीतर मॅट कोपऱ्यात वळत नाही आणि हवा राहते. शेवटची गोष्ट तुझीच. बोल्टचं भोक आधी मोठं पाडायचं, रेझिनने भरायचं, सुकलं की त्यात मापाचं भोक पाडायचं, म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोचतच नाही. हे तू मला शिकवलंस हे मी चारचौघात मान्य करतो. सिलिकॉनच्या बाबतीत मात्र अजूनही माझंच खरं, पाण्याखालच्या बोल्टला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच पाहिजे, सिलिकॉन एकदा फासलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही की रेझिन. त्यावरून तू माझ्याशी आख्खा गणपती बोलला नव्हतास, दांडिया बाजारात समोरून गेलास तरी बघितलं नाहीस!

रेझिनचं एक बघ, इथे ऊन चाळिशीच्या पुढे आहे. किलोला दहा मिली हार्डनर टाकला तरी मग्यातच गरम होऊन धूर येतो, म्हणून मी सांगितलंय की पहाटे कामाला लाग, थोडं थोडं कालव, पसरट भांड्यात. रेझिन लवकर धरायला घालतो ते कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या कपाटात आहेत, ते दोन थेट एकत्र झाले तर भडका उडतो हे मी त्याला लहानपणापासून सांगत आलोय, तेवढं तो पाळतो. आणि तुला हसायला एक. पुढच्या कप्प्यात तरंगायला म्हणून त्याने थर्माकोल भरला आणि वरून रेझिन ओतलं. सगळा थर्माकोल विरघळून गेला, तळाशी चिकट लगदा! तो बघतच राहिला. मग मीच सांगितलं, पाच-पाच लिटरचे कॅन झाकण पक्कं करून भर. नाळेकडचं भोकही वरून नुसती चकती चिकटवून झालं असतं त्याच्या मते, मी उभं राहून कडा घासायला लावली, जाडीच्या बारापट उतार, पाच मिलीमीटर जाड तर सहा सेंटीमीटर लांब, पॅच तेव्हाच धरतो.

बाकी लहानसहान गोष्टी तो ऐकतो. तिथलं पाणी म्हणजे नुसता गाळ, इंजिन थंड ठेवायला पाणी ओढतो त्या इम्पेलरच्या पात्या घासून जातात, म्हणून इंजिन चालू केलं की आधी मागची पाण्याची धार बघायची, बारीक झाली की लगेच बंद, हे त्याला पाठ आहे. परत आल्यावर गोडं पाणी फिरवणार म्हणतो. तळाच्या बुचाला दोरी बांधलीय, जादाचं बूच डब्यात ठेवलंय. प्लग, प्लगपाना, दोन वल्ही. जॅकेटं माणशी एक, ती मी स्वतः आणली आणि घातल्याशिवाय बोटीत पाय नाही, हे मात्र मी ओरडून सांगितलं.

पण इंजिनला वेगळा जाड दोर बांध म्हटलं की हसतो. म्हणतो क्लॅम्प आहे, बोल्ट आहेत, वर आणि दोर कशाला, गाय आहे का ती. अव्या, आता मी त्याला काय सांगू? नारेश्वरला आपल्या बाबतीत झालं ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. त्या बोटीचा ट्रान्सम बाहेरून असाच छान दिसत होता की नाही? तुझा हात अजून पूर्ण वर जात नाही ना?

आणि एक तुझ्यावर रागवायचं राहिलंच. दिवाळीत त्याला तू भरतीचं शिकवलंस, तिथीची पाऊणपट, अष्टमी म्हणजे सहाला भरती. ते तुमच्या कोकणात ठीक आहे रे. भरती आखातात वर सरकत नर्मदेच्या मुखात येईपर्यंत तास उलटून जातात, आणि खंभातच्या आखातात पाणी असं तसं उतरत नाही, भावनगरकडे उधाणाला दहा मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे तीन मजली घर. बोट बघायला गेले तेव्हा चिनूने तोच हिशोब लावला, तांडेल नको नको म्हणत होता, आणि बोट गाळात रुतली. पुढच्या भरतीपर्यंत दोघं तिथेच, वर ऊन, पाणी एक बाटली. घरी येऊन म्हणतो, काकांचा फॉर्म्युला चुकला. तेव्हा हेही तूच निस्तर. तिथल्या तांडेलाचं ऐकायचं, कॅलेंडरचं नाही, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास निघायचंच नाही, असं सांग.

तो तुझं ऐकतो. माझं ऐकत नाही असं नाही, पण बाप बोलला की त्यात काळजीच ऐकू येते त्याला, कारागीर ऐकू येत नाही. तू बोललास की वहीत लिहून घेतो. मी पैसे द्यायला तयार आहे, प्लायचे, मॅटचे, सगळ्याचे, शेडही महिनाभर अडली तरी चालेल, गिऱ्हाईक थांबेल. त्याची बोट काढून घ्यायची नाहीये मला. खरं सांगतो, पालथ्या बोटीवर हात फिरवताना मला इतकं बरं वाटलं की मीच पाहिजे ते सगळं करून दिलं असतं. पण तो म्हणतो ट्रान्सम मी करणार, तुम्ही बघायचं नाही. आणि आतून कुजकी फळी झाकून तो नर्मदेच्या मुखाशी जाणार असेल तर मला झोप नाही.

नारेश्वरचं तूच सांग त्याला. सगळं सांग. मी सांगायला बसलो की मीना येते.

तुझ्या मुलीचं पुण्याचं नक्की झालं असं वहिनी म्हणाल्या, फार छान झालं, तारीख कळव. आंब्याची पेटी पोचली, मधली चार फळं लागली होती, बाकी सुरेख. कंबरेला पट्टा लावतोस का? लाव.

फोन रात्री नऊनंतर कर, त्याआधी तो शेडमध्ये असतो आणि ग्राइंडरपुढे काही ऐकू येत नाही. माझ्याशी बोललास हे त्याला सांगू नकोस, बोटीची चौकशी म्हणून कर आणि पहिलाच प्रश्न विचार की ट्रान्सम ठोकून बघितलास का.

तुझा,
बाळ्या

ता. क. त्याने प्लेटची ऑर्डर दिलीय, शनिवारी येणार आहे. म्हणजे फोन त्याआधी.