तुझं परीक्षण वाचलं

नागपूर, रविवार

प्रिय चिऊ,

काकांच्या पुस्तकावरचं तुझं परीक्षण वाचलं. त्यांचा फोन येऊन गेला, हे मी तुला सांगणार नव्हते. फार दुखावलेत. त्यांची ऊठबस कुठे कुठे आहे, तुला ठाऊकच आहे. असो.

परवा फोनवर म्हणालीस, ‘‘तुझ्या कुसुमावतीबाई मिळमिळीत, मला दुर्गाबाईंसारखं लिहायचंय.’’ मिळमिळीत? कुसुमावती देशपांड्यांचं ‘मराठी कादंबरीचे पहिले शतक’ एकदा खाली काढ. ‘यमुनापर्यटन’पासून शंभर वर्षांचं लेखन, त्यात कितीतरी रद्दड, पण बाईंनी निगुतीनं वाचलंय. लेखकाला काय साधायचं होतं ते आधी समजून घेतात, मग कुठे फसलं ते सांगतात. आवाज कुठेच चढत नाही, पण सुटकाही नाही. 1961 साली ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, त्या अशा लिहून.

दुर्गाबाई भागवतांचं निराळं. ‘व्यासपर्व’मध्ये त्या अश्वत्थाम्याशी, एकलव्याशी घरच्या माणसासारख्या बोलतात. तटस्थपणाचं सोंगच नाही. मलाही तेच जास्त आवडतं, हे कॉलेजात कुणापुढे बोलले नव्हते. पण त्या झपाटलेपणामागे लोकसाहित्य, समाजशास्त्र, एशियाटिक ग्रंथालयातली वर्षानुवर्षांची बैठक होती. ज्ञानकोशकार केतकरांच्या कादंबऱ्यांवर लिहायचं ठरवलं तर ‘केतकरी कादंबरी’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. तू साडेसहाशे शब्दांत काकांची तीस वर्षं निकालात काढलीस. ‘हे पुस्तक नसतं तरी कुणाचं काही अडलं नसतं’ हे वाक्य टाळ्यांसाठी आहे, चिऊ.

बघ, घेतली शिकवणी. रागावू नकोस. वर्ग सुटला तरी खडू सुटत नाही.

आजोबा 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या मांडवात होते. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, देशात आणीबाणी, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. आजोबा हे सांगताना दर वेळी खुर्चीतून उठायचे. पुढे बाईंना अटक झाली, तेव्हा आजी एवढंच म्हणाली होती, ‘‘एकटी बाई. मागे कोण आहे तिच्या?’’ आजोबांनी तिला गप्प केलं. मला मात्र तुझं परीक्षण वाचताना आजीच आठवत होती. उद्या कुणी तुला छापेनासं झालं तर? समारंभात शेजारची खुर्ची रिकामी राहिली तर? तू म्हणशील, राहू दे. तुझे बाबाही असंच म्हणायचे, आणि त्यांचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय.

हे लिहायचं नव्हतं.

अंकाच्या चार प्रती घेतल्या. एक वाचनालयात ठेवली, एक मावशीला दिली. अनुवादांवरचा तुझा परिच्छेद मला खरंच जमला नसता.

दिवाळीला ये. काका भाऊबीजेला जेवायला आहेत, त्यांचं बोलावणं मी रद्द करणार नाही. तेवढं त्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचून ये. ते तू वाचलेलं नाहीस, अशी मला दाट शंका आहे.

तुझी,
आई