विधेयकावर आमचे आमदार कोणत्या बाजूने होते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन संपले की कोणत्या आमदाराने किती प्रश्न विचारले, किती लक्षवेधी सूचना मांडल्या, याचे तक्ते वर्तमानपत्रांत छापून येतात आणि आमदारांच्या कार्यअहवालांतही दिसतात. कायदे करणे हे मात्र विधिमंडळाचे मुख्य काम असूनही, एखाद्या विधेयकावर आपल्या आमदाराने कोणत्या बाजूने मत दिले, हे त्या तक्त्यांत कधी आढळत नाही. यात पत्रकारांना दोष देता येणार नाही, कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने, म्हणजे सदस्यांनी एकत्र ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हटल्यावर अध्यक्षांनी आवाजावरून कौल ठरवून, मंजूर होतात आणि त्यात कोणाचेही नाव नोंदले जात नाही.

कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाचे उदाहरण अजून ताजे आहे. या विधेयकावर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने सूचना मागवल्या, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या. एखाद्या विधेयकाबाबत लोकांनी एवढ्या संख्येने लेखी म्हणणे मांडावे, असे आपल्याकडे क्वचितच घडते. पुढे १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने मंजूर केले. माकपचे विनोद निकोले यांनी सभागृहात स्पष्ट विरोध केला, त्यामुळे त्यांची भूमिका तरी कळली. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि नंतर प्रमुख विरोधी पक्षांचे नेते या विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरले. विधानसभेत विधेयक मताला टाकले गेले त्या क्षणी या पक्षांपैकी कोण ‘होय’ म्हणाले, कोण ‘नाही’ म्हणाले आणि कोण गप्प बसले, याचे नावानिशी उत्तर कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. हरकत पाठवणाऱ्या हजारो नागरिकांपैकी एकालाही ‘माझ्या आमदाराने माझे ऐकले का?’ हे पडताळून पाहण्याची सोय नाही.

दिल्लीतही फारसे वेगळे चित्र नाही. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत दोन कृषी विधेयकांवर विरोधकांनी मतविभागणी (प्रत्येक सदस्याचे मत मोजून नोंदवणारे मतदान) मागितली, ती झाली नाही आणि गदारोळात विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. पुढे २९ नोव्हेंबर २०२१ रोजी कृषी कायदे मागे घेणारे विधेयकही दोन्ही सभागृहांनी चर्चेविना, आवाजी मतदानानेच संमत केले. वर्षभर देश ढवळून काढणारे कायदे आले आणि गेले, पण राज्यसभेत त्यांच्या बाजूने कोण होते, हे नावांनिशी कोठेही लिहिलेले नाही. याउलट वक्फ दुरुस्ती विधेयकाला एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ आणि राज्यसभेत १२८ विरुद्ध ९५ मते पडली. त्या विधेयकाविषयी कोणाचे काहीही मत असो, मतविभागणी झाल्यामुळे आपला खासदार कोठे उभा होता, हे मतदाराला विचारता येते.

नियमांप्रमाणे अध्यक्षांनी आवाजी कौल जाहीर केल्यावर त्याला आव्हान देऊन मतविभागणी मागता येते. मात्र लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये एक पळवाट आहे : मागणी अनावश्यक वाटल्यास अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभे करून नुसती मोजणी करू शकतात, आणि तशी मोजणी झाल्यास नावे नोंदली जात नाहीत. आपल्या विधानसभेने तर १२ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारवरील विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानाने संमत केला होता. बाहेरून पाठिंबा जाहीर करणाऱ्या राष्ट्रवादी काँग्रेसला त्या दिवशी सरकारच्या बाजूने उभे असल्याचे दाखवावेच लागले नाही, ही सोय कोणाची झाली, ते सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये मात्र त्याच सभागृहात विश्वासदर्शक ठरावावर शिरगणती झाली आणि १६४ विरुद्ध ९९ असा निकाल लागला. म्हणजे मनात आणले तर मोजता येते.

यावर हमखास असे म्हटले जाते की, १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे आमदाराला पक्षादेशाबाहेर जाता येत नाही, मग त्याचे मत नोंदवून उपयोग काय? हा युक्तिवाद मला अर्धवट वाटतो. या कायद्याने राज्यघटनेत आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणे आणि मतदानाला गैरहजर राहणे या दोन्ही कारणांनी सदस्यत्व जाऊ शकते. परंतु नोंदच नसेल तर पक्षादेश बजावणारा प्रतोद तरी आदेश मोडल्याचे कशाच्या आधारे सिद्ध करणार? शिवाय मत पक्षाच्या आज्ञेने पडले असेल, तर त्याचा जाब पक्षाला विचारता यावा, यासाठीही नोंद लागतेच. बाहेर आंदोलन आणि आत मौन, असा दुटप्पीपणा त्याशिवाय उघडा पडत नाही. वेळ वाया जाण्याची सबब तर विजेरी मतदान यंत्रणेच्या काळात टिकणारी नाही.

यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०८ नुसार विधिमंडळाचे प्रत्येक सभागृह आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करते. विधेयक अंतिम संमतीसाठी मताला टाकताना नावनिहाय मतदान सक्तीचे करावे आणि ती यादी त्याच दिवशी संकेतस्थळावर टाकावी, एवढा बदल विधानसभेच्या नियम समितीने सुचवला तरी पुरे. तोपर्यंत मतदारांनी आपल्या आमदारांना एकेका विधेयकाचे नाव घेऊन ‘आपण कोणत्या बाजूने होता?’ असे लेखी विचारावे. लग्नाकार्याला आलेल्या आमदाराच्या हातात रस्त्याचे निवेदन ठेवणारे आपण, हा प्रश्न मात्र सहसा विचारत नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. प्रत्येक अधिवेशनानंतर आपण आमदारांच्या प्रश्नांचा जो तक्ता छापता, त्यात मंजूर झालेल्या प्रत्येक विधेयकासाठी एक रकाना वाढवावा. जेथे मतविभागणी झाली तेथे जिल्ह्यातील आमदारांची मते छापावीत आणि जेथे झाली नाही तेथे प्रत्येकाच्या नावापुढे ‘नोंद नाही’ असे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक व मतदार, सातारा