सॉफ्टवेअर वाचता येते का, हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करीत आहे. त्यांतला बहुतेक काळ नवे काही लिहिण्यात नव्हे, तर इतरांनी लिहून ठेवलेला कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचना, वाचण्यात आणि त्यात बदल करण्यात गेला. सॉफ्टवेअर विकत घेताना, ते ताब्यात घेताना किंवा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला गुण देताना आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे ते चालते का. ते दुसऱ्या माणसाला वाचून समजेल का, हे कोणी विचारत नाही. हा दुसरा प्रश्न मोजमापासह विचारता येतो आणि तो विचारलाच पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांचे सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीसाठी आले. दंडव्याजाच्या नियमात एक लहानसा बदल करायचा होता. ज्या फंक्शनमध्ये, म्हणजे एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात, तो करायचा, ते साडेआठशे ओळींचे होते. एका अटीच्या पोटात दुसरी, तिच्या पोटात तिसरी, अशा सात पातळ्या खाली गेलेल्या होत्या. ओळ बदलायची होती एकच, पण ती नेमकी कोणती हे ठरवण्यात तीन आठवडे गेले, आणि एवढे करूनही मुदतीआधी कर्ज फेडलेल्या काही खात्यांवर चुकीचा दंड लागला. तो खातेदारांच्या पासबुकात उमटल्यावर आम्हांला समजला. मूळ कोड लिहिणाऱ्यांना मी निष्काळजी म्हणणार नाही. दहा-बारा वर्षांत नियम बदलत गेले, प्रत्येक वेळी कोणीतरी घाईत एक ‘जर’ वाढवला, आणि त्या त्या वेळी एक ‘जर’ वाढवण्यात काहीच गैर दिसत नव्हते.

ही वाढ मोजण्याची पद्धत टॉमस मकेब यांनी १९७६ मध्ये मांडली. तिला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. नाव बोजड असले तरी हिशेब सोपा आहे: फंक्शनमध्ये निर्णयाच्या जागा, म्हणजे ‘जर’, जितक्या, त्यांत एक मिळवायचा. एसटीच्या तिकिटाचे उदाहरण घेऊ. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मे भाडे, महिलांना निम्मे भाडे, बारा वर्षांखालील मुलांना निम्मे भाडे, आणि उरलेल्यांना पूर्ण. (पाच वर्षांखालील लहानग्यांना इथे बाजूला ठेवू.) हे चार निर्णय एकाखाली एक लिहिले, तर आकडा पाच येतो. त्याचा व्यवहारातला अर्थ असा की, हे फंक्शन तपासायला किमान पाच प्रवासी उभे करावे लागतील: ऐंशीचे आजोबा, अडुसष्ट वर्षांचे काका, चाळिशीतील ताई, आठ वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतील पुरुष. यांतला एकही वगळला, तर एक वाट न तपासताच राहिली.

एका फंक्शनचा आकडा दहाच्या वर जाऊ नये, ही मर्यादा मकेब यांनीच सुचवली होती. दहा हा काही निसर्गनियम नाही, पण त्यामागचे कारण पक्के आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेले दहा निर्णय पाठोपाठ आले, तर त्या फंक्शनमधून जाण्याच्या वाटा १०२४ होतात. एवढ्या वाटा कोणाच्याही डोक्यात मावत नाहीत. पतसंस्थेच्या त्या फंक्शनचा आकडा आम्ही मागाहून काढला, तेव्हा तो ९३ आला. तो आधी पाहिला असता, तर तीन दिवसांत काम देण्याचे आश्वासन आम्ही दिले नसते.

गाड्यांच्या बाबतीत हा विषय न्यायालयापर्यंत गेलेला आहे. २००७ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टोयोटाच्या कॅम्री गाडीला अपघात होऊन एका महिलेचा मृत्यू झाला आणि गाडी चालवणारी महिला जखमी झाली; गाडीचा वेग आपोआप वाढला, असा दावा होता. २०१३ मध्ये त्या खटल्यात तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी इंजिन नियंत्रणाच्या कोडविषयी साक्ष दिली. त्यांच्या मोजणीनुसार ६७ फंक्शनांचा आकडा ५० च्या वर होता, आणि थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) कोन ठरवणाऱ्या फंक्शनचा तर १०० च्याही पुढे. ज्यूरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला. त्याआधी २०११ मध्ये नासाच्या अभियंत्यांनी केलेल्या तपासणीत अनियंत्रित वेगवाढीचे इलेक्ट्रॉनिक कारण सापडले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. गुंतागुंतीचा आकडा मोठा आहे म्हणून अपघात त्यानेच झाला, असे सिद्ध होत नाही. परंतु ज्या कोडवर माणसांचे जीव अवलंबून आहेत, तो पूर्णपणे तपासता येण्याजोगा तरी आहे का, एवढा प्रश्न हा आकडा नक्कीच उभा करतो.

या मोजपट्टीच्या मर्यादा मला ठाऊक आहेत, आणि त्या दडवून तिचा पुरस्कार करणे मला योग्य वाटत नाही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याचे नाव सांगणारे फंक्शन बारा फाटे फुटल्यामुळे तेरा गुण मिळवते, पण ते शाळकरी मुलालाही वाचता येईल. असे सरळ फाटे मर्यादेतून वगळावेत, हे मकेब यांनीही मान्य केले होते. उलट एकात एक घुसलेल्या चारच अटी वाचणाऱ्याला घाम फोडतात, आणि तरीही त्यांचा आकडा अवघा पाच येतो. ही उणीव भरून काढण्यासाठी सोनारसोर्स या कंपनीने कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी नावाची दुसरी पट्टी तयार केली. तीत अट जितकी खोल, तितके गुण जास्त. माझ्या अनुभवात वाचणाऱ्याला होणारा त्रास ही दुसरी पट्टी अधिक खरेपणाने सांगते, तर चाचण्या किमान किती लागतील हे पहिली सांगते; म्हणून मी दोन्ही पाहतो. नावे कशी दिली आहेत, हे मात्र दोन्हींना दिसत नाही. ‘अ’, ‘ब’, ‘तात्पुरते२’ अशा नावांनी भरलेले फंक्शनही उत्तम गुण मिळवू शकते.

आकडा कमी करण्याचे मार्ग प्रोग्रामरांना परिचित आहेत. अपवादाच्या गोष्टी आरंभीच तपासून तिथूनच परत फिरायचे, म्हणजे मुख्य काम अटींच्या तळघरात जाऊन बसत नाही. स्वतंत्र काम स्वतंत्र फंक्शनमध्ये काढून त्याला त्या कामाचे नाव द्यायचे. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिसरा मार्ग: नियम कोडमधून काढून तक्त्यात ठेवणे. एसटीच्या उदाहरणात प्रवाशाचा प्रकार, वय कुठून कुठपर्यंत आणि सवलत किती टक्के, असा तक्ता केला, तर फंक्शनला तक्त्यातली लागू पडणारी ओळ शोधण्यापुरतेच काम उरते. उद्या नवी सवलत जाहीर झाली, तर तक्त्यात एक ओळ वाढते आणि फंक्शनचा आकडा जिथल्या तिथे राहतो. गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती तक्त्यात जाते, हे खरे आहे. परंतु तक्ता वाहतूक विभागातील कर्मचाऱ्यालाही वाचता येतो आणि चूक असेल तर तो बोट ठेवून दाखवू शकतो. कोडच्या बाबतीत ते त्याला शक्य नसते.

या आकड्याला उद्दिष्ट बनवले की मात्र घात होतो. एका ठिकाणी वरिष्ठांनी दहाची मर्यादा सक्तीची केली, तेव्हा मोठ्या फंक्शनचे ‘भाग१’, ‘भाग२’, ‘भाग३’ असे तुकडे झाले. अहवाल स्वच्छ दिसू लागला, पण पूर्वी एका जागी वाचता येणारी गोष्ट आता तीन ठिकाणी धावाधाव करून वाचावी लागली. म्हणून मी सरसकट मर्यादेच्या बाजूने नाही. जुना कोड आहे तसा राहू द्यावा, परंतु ज्या फंक्शनला हात लावाल त्याचा आकडा बदलानंतर वाढलेला नसावा, आणि वाढलाच तर त्याचे कारण लेखी नोंदवावे, एवढा नियम माझ्या गटात गेली सहा वर्षे पाळला जातो आणि तो पुरेसा ठरला आहे.

आता माझ्या दोन विनंत्या. जनतेच्या पैशातून सॉफ्टवेअर घेणाऱ्या महापालिका, महामंडळे आणि विद्यापीठे यांनी निविदेत ही मोजणी मागावी. कोड ताब्यात घेताना प्रत्येक फंक्शनचा आकडा आणि सर्वांत गुंतागुंतीच्या वीस फंक्शनांची यादी कारणांसह घ्यावी. कंत्राटदार बदलला की नवा कंत्राटदार ‘जुने काही समजत नाही, सगळे पुन्हा लिहावे लागेल’ असे सांगतो आणि पैसे दुसऱ्यांदा जातात. त्या वेळी ही यादी हाताशी असेल, तर त्याचे म्हणणे कितपत खरे हे तरी पडताळता येईल. यासाठी खर्चही नाही. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील कोडसाठी रेडॉनसारखे मोफत साधन प्रत्येक फंक्शनला ए ते एफ अशी श्रेणी देते. पाचपर्यंत ए आणि चाळीसच्या पुढे एफ.

दुसरी विनंती अभियांत्रिकी महाविद्यालयांना आहे. आता यंत्रेही हवा तेवढा कोड क्षणात लिहून देतात, त्यामुळे तो वाचून पारखणारे लोक अधिक लागणार आहेत. शेवटच्या वर्षाला प्रत्येक गटाकडून नवा प्रकल्प करून घेण्याऐवजी निम्म्या गटांना मागच्या वर्षीचा एखादा प्रकल्प द्यावा, त्यात एक नवी सोय करायला सांगावी, आणि आधीचा व नंतरचा आकडा तोंडी परीक्षेत विचारावा. बाह्य परीक्षक म्हणून गेलो असताना मी एका गटाला त्यांच्याच कोडमधले एक फंक्शन समजावून सांगायला सांगितले होते. प्रकल्प उत्तम चालत होता, परंतु चौघांपैकी एकालाही ते सांगता आले नाही, आणि गुणपत्रिकेत त्यासाठी रकानाच नव्हता.

आपला विश्वासू,
एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे